बेदाणा तो, मनुका ती. पण मनुके का म्हणतात?

प्रश्न पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदार घरातला आहे. घरची द्राक्षबाग आहे. निर्यातीत न बसलेल्या मालाचा बेदाणा ते स्वतःच्या शेडवर करतात आणि आता पाव आणि अर्ध्या किलोची खोकी छापून घ्यायची आहेत. खोक्यावर 'बेदाणा' लिहायचे, 'बेदाणे' लिहायचे, की सरळ 'मनुका'? सूनबाईंचे म्हणणे असे की मूळ शब्द 'बेदाना' आहे, 'ना'चा 'णा' कुणीतरी छापताना केला. सासऱ्यांचे म्हणणे असे की बे म्हणजे दोन, म्हणून दोन दाण्यांचा तो बेदाणा. शिवाय काळ्या मालासाठी 'काळे मनुके' बरोबर की 'काळ्या मनुका', यावरून घरात दोन तट पडले आहेत.

मी नाशिकला मुद्रितशोधनाचे काम करतो. शेतीची मासिके, बाजारभावाची पत्रके, पाककृतींची पुस्तके, खोकी आणि पिशव्यांवरचा मजकूर असे सगळे हाताखालून जाते. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आधी निकाल सांगतो: खोक्यावर 'बेदाणा' छापा. एकवचनी, 'ण' घेऊन, दोन्ही भाग जोडून.

आता सासरेबुवांचे 'बे'. पाढ्यातला 'बे एके बे' आणि बेदाण्यातला 'बे' यांचा काही संबंध नाही. हा फारसीतला 'बे' म्हणजे 'शिवाय, वाचून'. बेकार, बेपत्ता, बेसुमार, बेइमान यांतला तोच. मराठीने तो इतका आपलासा केला की पुढे घरच्या शब्दांनाही लावला: बेचव, बेसावध. चव आपली, सावध संस्कृत, आणि पुढे फारसी 'बे'; कुणाला खटकत नाही. 'दाना' म्हणजे फारसीत धान्याचा कण, बी. संस्कृतातला 'धाना', म्हणजे भाजलेले धान्य, हा त्याचाच भाऊ. दोन्ही भाषांच्या समाईक पूर्वजापासून आलेला. तेव्हा बेदाणा म्हणजे ज्यात बी नाही तो.

हा शब्द इथे घडला नाही, तयार होऊनच आला, हे मराठीच्या अंगानेही कळते. आपल्याकडे फळाच्या आतल्या बीला आपण दाणा म्हणत नाही, बी म्हणतो: सीताफळाच्या बिया, कलिंगडाच्या बिया. दाणा म्हणजे कणसातला, शेंगेतला, फार तर डाळिंबातला, म्हणजे जो खायचा असतो तो. थुंकून टाकायच्या गोष्टीला मराठी माणूस दाणा म्हणणार नाही. मराठीने स्वतः नाव ठेवले असते तर 'बिनबियांचा' असे काहीतरी झाले असते. बागेत आजही तसेच बोलतात: 'ही जात बिनबियांची'. 'ही द्राक्षे बेदाणा आहेत' असे कुणी म्हणत नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ इथल्या माणसाला आतून ऐकू येत नाही. त्याच्या लेखी ते एका जिनसाचे नाव आहे. सुका मेवा पूर्वी मुख्यतः काबूल-कंदाहारच्या बाजूने यायचा, तो येताना नावे घेऊनच आला. 'मेवा' हाही फारसीच, त्याचा मूळ अर्थ नुसता फळ. आपल्या 'रानमेवा'त तो अजून शिल्लक आहे. महाराष्ट्रात द्राक्षे वाळवण्याचा मोठा धंदा उभा राहिला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः सांगली-सोलापूरकडे. तोवर शब्द घराघरात रुळलेला होता.

सूनबाईंची शंका मात्र पोरकट नाही. फारसीत 'न'च आहे, हिंदीतही 'न'. मराठीत दोन स्वरांमधल्या 'न'चा 'ण' होणे ही फार जुनी सवय आहे: पानीयचे पाणी झाले, स्थानचे ठाणे झाले. फारसी-अरबी शब्दांपैकी जे बाजारात, स्वयंपाकघरात, शेतात फिरले त्यांतले काही याच वाटेने गेले. निशानचे निशाण, साबूनचे साबण, दानाचा दाणा. जे कचेरीत राहिले त्यांचा 'न' बहुधा टिकला असे म्हणण्याचा मोह होतो, पण दुकान आणि मैदान समोर येऊन उभे राहतात, म्हणून नियम करू नये. जर्दाळूत अशीच गंमत 'ल'ची झाली. 'ज़र्द' म्हणजे पिवळा, 'आलू' म्हणजे अलुबुखाराच्या जातीचे फळ. मराठीने 'ल'चा 'ळ' केला. 'जर्दालू' लिहिले तर आपण लगेच भुवया उंचावतो, मग 'बेदाना'वर का नाही? मराठीत 'बेदाणा'च शुद्ध आणि तो छापखान्याने केलेला नाही.

'न' लिहिण्यात एक व्यवहारी अडचणही आहे. बंगालीत 'बेदाना' म्हणजे डाळिंब. मूळ अर्थ तोच, बी नसलेले किंवा मऊ बियांचे, फक्त नाव दुसऱ्याच फळाला चिकटले. आणि काष्ठौषधीच्या दुकानात 'बिहीदाणा' मिळतो तो आणखी वेगळा. 'बिही' नावाच्या फळाचे ते बी. पाण्यात टाकले की बुळबुळीत होते, खोकल्यावर देतात. तिथे 'बे' नाहीच, उलट दाणा हाच माल.

व्याकरणाकडे वळतो, कारण खोक्यावरच्या चुका बहुतेक तिथेच होतात. बेदाणा पुल्लिंगी, आकारान्त. घोडा, कांदा, पडदा यांच्या रांगेतला. एक बेदाणा, चार बेदाणे. सामान्यरूप 'बेदाण्या-': बेदाण्याला, बेदाण्याचा, बेदाण्यांनी. यावर कुणाचेच दुमत नसते. फारसीतले '-आ'ने संपणारे असे पुष्कळ शब्द मराठीत पुल्लिंगीच झाले आहेत (नमुना, पंजा, हप्ता, पडदा) आणि शिवाय 'दाणा' आधीपासून पुल्लिंगी म्हणून घरात होताच.

तरीही एक चूक हल्ली फार दिसते: 'बेदाणाचे दर', 'बेदाणाची गुणवत्ता'. हे मराठी नव्हे. प्रत्यय लागला की 'बेदाण्या-' व्हायलाच हवे. 'कांदाचे भाव' असे लासलगावात कुणी म्हणून बघावे! समासात मात्र शब्द जसाच्या तसा राहतो: बेदाणा उत्पादक, बेदाणा शेड, बेदाणा सौदे. कांदा उत्पादक, कांदा चाळ, तसेच. गोंधळ बहुधा इथूनच होतो. 'बेदाणा उत्पादक' सतत वाचून लिहिणाऱ्याला वाटते की शब्द बदलतच नाही.

वचनाचा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण इथे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा माणूस कुठे उभा आहे हे महत्त्वाचे ठरते. दाण्याच्या घरातले तीन शब्द शेजारी ठेवा. साबुदाणा जवळजवळ नेहमी एकवचनी: साबुदाणा भिजवला, साबुदाणा फुलला, साबुदाण्याची खिचडी. 'साबुदाणे भिजवले' म्हणणारा माणूस बहुधा मराठी नव्याने शिकत असतो. शेंगदाणे जवळजवळ नेहमी अनेकवचनी: शेंगदाणे भाजले, दाणे कुटले. बेदाणा या दोघांच्या मधोमध आहे. शेडवर, अडतीवर, सौद्यात तो एकवचनी असतो: 'यंदा बेदाणा कमी निघाला', 'बेदाण्याला उठाव नाही', 'हिरवा बेदाणा वर गेला, काळा पडून आहे'. तिथे तो ढीग आहे, माल आहे. तोच रविवार कारंज्यावरच्या दुकानातून पुडीत बांधून स्वयंपाकघरात गेला की अनेकवचनी होतो: 'शिऱ्यात बेदाणे घातलेस का?', 'बेदाणे तुपात फुगले की लगेच काढ, नाहीतर कडू होतात.' कढईत एकेक दाणा टम्म फुगताना दिसतो, म्हणून तिथे मोजता येणारे नाम हवे असते.

कांद्याचेही हेच. मार्केटला 'कांदा घसरला', घरात 'दोन कांदे चिर'.

म्हणून खोक्यावर मालाचे नाव म्हणून 'बेदाणा', आणि मागच्या बाजूला कृती छापणार असाल तर तिथे 'बेदाणे'. 'बेदाणे स्वच्छ धुऊन घ्या', 'दहा-बारा बेदाणे रात्री भिजत घाला'. एकाच खोक्यावर दोन वचने आली म्हणून घाबरू नका. विसंगती तेव्हा होईल, जेव्हा कृतीत 'बेदाणा भिजवा' आणि पुढच्याच ओळीत 'ते चावून खा' येईल. असे मी पाहिले आहे आणि कापलेही आहे.

आता मनुका. इथे घरात दोन तट पडले त्यात नवल नाही, कारण भाषेतच तट आहेत.

मूळ अरबी 'मुनक़्क़ा', म्हणजे साफ केलेले, निवडून स्वच्छ केलेले. फारसी-उर्दूत 'मवीज़-ए-मुनक़्क़ा' म्हणजे बिया काढून साफ केलेली वाळवलेली द्राक्षे. पुढे 'मवीज़' गळाला, विशेषण तेवढे नाम होऊन उरले. हिंदीत तो मुनक्का, आपल्याकडे मनुका. बेदाण्याचेही तसेच झाले असणार: विशेषणाने आपले नाम गिळले. यात मौज अशी की मुळात दोन्ही शब्द बी नसल्याचेच सांगतात. एक म्हणतो बी नाही, दुसरा म्हणतो बी काढली. आजचा किराणा दुकानदार मात्र मनुका म्हणजे मोठी, काळसर, बीवाली आणि बेदाणा म्हणजे लहान, हिरवा-पिवळा, बिनबियांचा असा फरक करतो. ही वाटणी शब्दांच्या अर्थाने झाली नाही, दुकानातल्या बरण्यांनी केली. ती आता पक्की आहे, तेव्हा ती मानावी. बिनबियांच्या मालाच्या खोक्यावर 'मनुका' छापलेत तर एखादे गिऱ्हाईक बी का नाही म्हणून विचारायला येईल. वैद्याने बीवाल्या मनुका सांगितलेल्या असतात. तुमच्या काळ्या मालाला बी नसेल तर 'काळा बेदाणा' हे जास्त प्रामाणिक नाव. बाजारात 'काळ्या मनुका' म्हणून तोही खपतो, हे खरे.

बीबद्दल बोलतोच आहोत तर एक बारीक गोष्ट. तुमच्या शेडवरचा एक चांगला वाळलेला थॉम्पसन किंवा तास-ए-गणेशचा बेदाणा कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि ब्लेडने उभा चिरा. आत, देठाच्या बाजूला, एक-दोन फिकट, मऊ, टाचणीच्या टोकाएवढ्या खुणा दिसतील. त्या बियाच आहेत, किंवा व्हायच्या होत्या. या जातींत फलन होते, बी धरायला लागते आणि कोवळेपणीच तिची वाढ थांबते; दाताला लागत नाही इतकेच. तेव्हा 'बे-दाणा' हे नाव वनस्पतिशास्त्राच्या फूटपट्टीने थोडे अतिशयोक्त आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीने चोख आहे. मनुका दाताखाली धरली की बी कचकन लागते आणि तोंड किंचित तुरट होते.

लिंगाचा वाद असा. आकारान्त नाम मराठीत पुल्लिंगी असू शकते (घोडा, घोडे) आणि स्त्रीलिंगीही (शाळा, जागा, हवा). स्त्रीलिंगी असले की अनेकवचनात बहुधा बदलत नाही: एक शाळा, दोन शाळा, एक जागा, दोन जागा. बेदाण्याला 'दाणा' हा पुल्लिंगी आधार होता. मनुकेला असा आधार नव्हता, म्हणून बोलणाऱ्यांनी तिला तीन ठिकाणी बसवले. पहिली रीत शाळेसारखी: ती मनुका, त्या मनुका, मनुकेचा, मनुकांचा. दुसरी घोड्यासारखी: तो मनुका, ते मनुके, मनुक्याचा, मनुक्यांचा. तिसऱ्या रीतीत 'मनुका' हेच अनेकवचन धरतात आणि एकवचन 'मनूक' करतात. हे दिसते तितके विचित्र नाही. बंदूक, बंदुका, तशी मनूक, मनुका. पहिले अक्षर ऱ्हस्व असल्याने मधला दीर्घ 'नू' प्रत्ययाआधी ऱ्हस्व होतो, तोही नियमाला धरूनच.

खारीक त्यांच्या शेजारची, पण तिची चाल निराळी. खारीक, खारका, खारकेचा. 'री' ऱ्हस्व होत नाही, तिथली ई नाहीशीच होते. कारण पहिले अक्षर 'खा' दीर्घ आहे. तारीख, तारखा, तारखेला, बेरीज, बेरजा, हे सगळे तिचेच सोबती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांत हे येते आणि बोलताना आपण ते न शिकताच पाळतो. 'खारिकांची पूड' छापून आली तर कान लगेच टोचतो.

मग मनुकेत कोणती रीत घ्यायची? मी स्त्रीलिंगी घेतो: 'काळ्या मनुका', 'दहा मनुका', 'मनुका फुगल्या'. नाशिककडच्या घरांत, निदान माझ्या कानावर येणाऱ्या बोलण्यात, हेच सर्वांत जास्त आहे, आणि वैद्यांच्या चिठ्ठ्यांतही 'काळ्या मनुका' हेच असते. 'मनुके' अशुद्ध आहे असे मात्र मी म्हणणार नाही. हिंदीतला मुनक्का पुल्लिंगी आहे, त्याचा जोर या रूपामागे असावा. शिवाय 'बेदाणे' शेजारीच असल्यामुळे 'मनुके' ओढून येतात. खरी पंचाईत होते ती मिश्रणाने. 'काळ्या मनुका रात्री भिजवा, सकाळी मनुक्यांचे पाणी प्या.' पहिल्या वाक्यात ती, दुसऱ्यात तो. असे शेकड्यांनी छापले जाते आणि बहुतेकांना जाणवतही नाही, कारण 'मनुकांचे' हे रूप जिभेला किंचित अडखळते आणि 'मनुक्यांचे' सरळ सुटते. म्हणूनच मी ते सक्तीने कापत नाही. लेखक स्वतः बोलताना तसेच बोलत असेल तर एखादे 'मनुक्यांचे' जाऊ देतो. खोक्यावर मात्र चार ओळींचा मजकूर, तिथे एकच रीत धरा. सासूबाई 'त्या मनुका' म्हणत असतील तर वाद मिटलाच.

'मनुका मध' किंवा 'मनुका हनी' नावाची महाग बाटली हल्ली दुकानात दिसते, तिचा द्राक्षांशी काही संबंध नाही. न्यूझीलंडात मानुका नावाचे झुडूप आहे, शब्द तिथल्या माओरी भाषेतला. त्याच्या फुलांवरचा तो मध. तुमच्या खोक्यावर उद्या कुणी कल्पक माणूस 'मनुका मध'सारखी जोडी सुचवील म्हणून सांगून ठेवतो.

किसमिसबद्दल थोडक्यात. फारसी किशमिश, मराठीत दोन्ही 'श'चे 'स' झाले. व्यंजनान्त परका शब्द आला की मराठीला त्याचे लिंग नव्याने ठरवावे लागते आणि इथे ते अजून ठरलेले नाही; किसमिस घातला, घातली, घातले, तिन्ही ऐकू येते. माल हिंदी मुलखात जाणार असेल तर तिकडच्या ओळीत 'किशमिश' लिहा, 'श' ठेवून. मराठी ओळीत हा शब्द टाळलेलाच बरा, 'बेदाणा' असताना त्याची गरज नाही.

कुणीतरी शुद्ध मराठीच्या आग्रहाने 'शुष्क द्राक्षे' सुचवील. नको. भाषाशुद्धीची चळवळ चालवणारे सावरकर आमच्याच भगूरचे, आणि तारखेऐवजी दिनांक कागदोपत्री रुळलाही. पण शुष्क द्राक्षे कोण मागणार? शिवाय 'द्राक्ष' तरी कुठे जसेच्या तसे राहिले आहे. संस्कृतात द्राक्षा स्त्रीलिंगी, मराठीत ते द्राक्ष, ती द्राक्षे, लिंगच बदलले. वेलीवरच्या एका फळाला बागेत 'मणी' म्हणतात (मणी फुगला, मणी गळ झाली), तो पुल्लिंगी आणि अनेकवचनातही मणीच. म्हणजे घडावर असतो तोवर मणी, खायला घेतले की द्राक्ष, वाळले की बेदाणा. एकाच वस्तूला तीन नावे आणि दोन लिंगे. कुणी गोंधळत नाही.

मजकुराचा मसुदा तुम्ही पाठवला होता त्यात 'नाशिकचे प्रसिद्ध बेदाणा' असे आहे. तिथे एकतर 'नाशिकचा बेदाणा' करा किंवा 'नाशिकचे बेदाणे'. मी पहिले ठेवीन. 'प्रसिद्ध' काढा. नाशिकची प्रसिद्धी ताज्या द्राक्षांची, 'नाशिक द्राक्षे' म्हणून भौगोलिक मानांकनही त्यांनाच आहे. बेदाण्याचे मानांकन सांगलीच्या नावावर आहे. तिकडच्या माणसाच्या हातात तुमचे खोके गेले तर तो हसेल. त्यापेक्षा जे खरे वेगळे आहे ते लिहा: स्वतःच्या बागेचा माल, स्वतःच्या शेडवर वाळवलेला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हेही एका ओळीत द्या. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते आणि भाव का एवढा ते त्याला आपोआप कळते.

दुसऱ्या बाजूला 'गंधक विरहीत' आहे, ते 'गंधकविरहित' असे जोडून आणि 'हि' ऱ्हस्व करा. पण आधी शेडवर विचारा. पिवळा रंग राखायला गंधकाची धुरी दिलेली असेल तर तो शब्द अजिबात छापू नका, मग तो कितीही शुद्ध लिहिलेला असो.